चाळीसच्या वरचं सगळं

व्यायामबाईंचं खरं नाव पुनर्वसन केंद्राच्या हजेरीपटापुरतंच उरलं होतं. पक्षाघात झालेले, हाडं मोडलेले, कंबर धरून येणारे सगळे पेशंट त्यांना व्यायामबाईच म्हणायचे. एकोणीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. आखडलेले खांदे सोडवायचे, लुळ्या पायांना पुन्हा जमिनीची ओळख करून द्यायची, आणि रडणाऱ्याला रडू देऊन मग दटावून उभं करायचं. इतक्या वर्षांत त्यांची बोटं तयार झाली होती. पेशंटच्या हातावर नुसता तळवा टेकवला, की कुठला स्नायू जागा आहे, कुठला झोपेचं सोंग घेतोय आणि कुठला खरंच गेलाय, हे त्यांना कळायचं. कसं कळतं, हे मात्र त्यांना कधी सांगता आलं नव्हतं.

मग केंद्रात ते मशीन आलं. पांढरा डबा, त्यातून निघणाऱ्या तीन वायरी, वायरींच्या टोकाला चिकटपट्ट्या. पट्ट्या कातडीला लावल्या की आतल्या स्नायूची वीज कॉम्प्युटरवर दिसणार होती. डबा बसवायला आलेला माणूस जाताना म्हणाला, "सिग्नल अगदी कच्चा मिळेल बरं का. त्याची साफसफाई तुमची तुम्हीच करायची." साफसफाई म्हणजे काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. केंद्राच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत, त्यांनी चौकशी केली तेव्हा कळलं, की इंजिनिअरिंग कॉलेजात दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठी सहा महिन्यांचा कोर्स आहे. केंद्रातली तरुण सहकारी बाळंतपणाच्या रजेवर गेलेली. त्यामुळे ते लोढणं व्यायामबाईंच्या गळ्यात पडलं.

सोमवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. दिवसभर माणसं उचलून पाठ मोडलेली असायची आणि पुढे ते अरुंद बाक. शिकवणारे सर हुशार होते, याबद्दल बाईंचं काही म्हणणं नव्हतं. पण ते वर्गाशी नाही, फळ्याशी बोलायचे. एका हाताने लिहायचे आणि दुसऱ्या हाताने पुसत जायचे, त्यामुळे बाईंच्या वहीत प्रत्येक समीकरणाचं शेपूट तेवढं उतरायचं. शेजारी हृदयविभागातली एक सिस्टर बसायची. ती तोंडाची फटकळ होती आणि तेवढाच काय तो आधार होता.

दुसऱ्याच आठवड्यात सरांनी उणे एकचं वर्गमूळ काढलं. "अशी संख्या खरं तर नसते," ते म्हणाले, "पण आपण ती आहे असं धरू."

"आमच्याकडे पेशंटला पाय आहे असं धरून चालवता येत नाही हो," बाई पुटपुटल्या. सिस्टर एवढ्या जोरात हसली, की सरांनी पहिल्यांदाच मागे वळून वर्गात कोण कोण बसलंय ते पाहिलं.

घरी वेगळीच तऱ्हा. बाईंचा नवरा शाळेत गणित शिकवायचा, म्हणजे खरं तर घरातच विहीर होती. पण त्या विहिरीवर बादली घेऊन गेलं, की आधी एकच वाक्य ऐकायला मिळायचं.

"अगं, हे तर नववीतलं आहे!"

"असेल. मी नववीत होते त्याला तीस वर्षं झाली."

"नाही, म्हणजे पाया पक्का असेल तर..."

"अहो, पाया राहू द्या. मला ही दोन चिन्हं काय आहेत तेवढं सांगा."

"तेच सांगतोय. त्यासाठी आधी मागे जावं लागेल."

आणि तो मागे जायचा. बेरजेपासून सुरुवात करायचा. तासाभराने बाईंचं डोकं भणभणायचं, नवऱ्याचा आवाज चढलेला असायचा, आणि ती दोन चिन्हं जिथल्या तिथे बसून दोघांकडे बघत असायची. एकदा बाईंनी वही भिंतीवर भिरकावली. नवऱ्याने ती उचलली, पान नीट केलं आणि शांतपणे म्हणाला, "यात एक उणे राहिलंय." त्या दिवसापासून बाईंनी त्याला विचारणं सोडलं.

सहा महिन्यांत बाईंना मनासारखं यश एकदाच मिळालं. पहिल्या महिन्यात सरांनी सगळ्यांना एका माणसाच्या हृदयाचा आलेख दिला होता. त्यात इतकी खरखर होती, की ठोका कुठला आणि कचरा कुठला ते कळू नये. काम असं, की चाळीसच्या वरचं सगळं कापायचं. चाळीस म्हणजे एका सेकंदात चाळीस हेलकावे; त्याहून झरझर हलणारं जे काही असेल ते गाळून टाकायचं, संथ तेवढं ठेवायचं. सरांनी तयार केलेली एक फाइल होती, तिच्यात आकडे भरायचे आणि बटण दाबायचं. बाईंनी तीन संध्याकाळी त्या फाइलशी झटापट केली. शेवटी बटण दाबलं, आणि पडद्यावरची ती केसाळ रेघ एकदम न्हाऊन-माखून आल्यासारखी झाली. ठोका, ठोका, ठोका. सरांनी कागदावर लिहिलं, 'छान. स्वच्छ.' बाईंनी ती फाइल केंद्रातल्या कॉम्प्युटरवर जपून ठेवली.

तिसऱ्या महिन्यात स्नायूंच्या सिग्नलवर एक तास होता. ज्याच्यासाठी बाईंना कोर्सला पाठवलं होतं तोच. नेमकी त्या दिवशी केंद्राची तपासणी निघाली. तपासनीस आले, कपाटं उघडली गेली, रजिस्टरं मागितली गेली, आणि मोठ्या मॅडम म्हणाल्या, "आज तुम्ही जाऊ नका." सरांना विचारलं तर ते म्हणाले, "नोट्स पाठवतो." नोट्स आल्या. सेहेचाळीस पानं. त्यात 'स्नायू' हा शब्द पहिल्या पानावर एकदा आला होता आणि नंतर फक्त ग्रीक अक्षरं होती. बाईंनी अकराव्या पानावर हात टेकले.

त्याच सुमाराला घड्याळवाले काका बाईंच्या टेबलावर उपचाराला होते. साठी ओलांडलेले, चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारे. पक्षाघाताने उजवी बाजू गेली होती. पाय परत आला, काठी घेऊन ते चालू लागले, बोलणंही सुधारलं. पण उजवं मनगट वर उचलत नव्हतं. हात टेबलावर ठेवला की पंजा मेलेल्या पाखरासारखा खाली लोंबायचा. आणि मनगट उचलल्याशिवाय बोटांत चिमटा धरता येत नाही.

"घड्याळाचा स्क्रू केवढा असतो माहीत आहे?" काका पहिल्या दिवशी म्हणाले होते. "शिंक आली तर तीन दिवस शोधावा लागतो. हा हात मला नुसता वरणभात खाण्यासाठी नकोय."

सहा आठवडे झाले. मनगट तसूभर हललं नाही. पण हाताच्या मागच्या बाजूला, कोपराच्या जरा खाली, बाई तळवा ठेवून "उचला" म्हणायच्या तेव्हा त्यांना काहीतरी जाणवायचं. मुंगी चालावी इतकंच. कधी असायचं, कधी नसायचं. काकूंना, म्हणजे काकांच्या बायकोला, त्यांनी एकदा हात लावून बघायला सांगितलं. काकूंना काहीच लागलं नाही.

केंद्रात जागा कमी आणि वाट बघणारे पुष्कळ. सहा आठवड्यांनी ज्याच्यात काही हालचाल नाही त्याला घरचे व्यायाम देऊन सोडायचं, असा नियम होता. बाई मोठ्या मॅडमकडे गेल्या. "आणखी सहा आठवडे द्या. स्नायू जागा आहे. मला लागतो हाताला."

"तुमच्या हाताला काय लागतं ते मी रिपोर्टात कसं लिहू?" मॅडम म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांनाही वरून विचारणारे होते. "मशीन आहे ना? तुम्ही शिकताय ना? मशीनमध्ये दाखवा. दिसलं तर सहा काय, आठ आठवडे देते."

बाईंनी पट्ट्या लावल्या. बारा वेळा "उचला" म्हणाल्या, बारा वेळा "सोडा" म्हणाल्या, आणि प्रत्येक वेळी खूण करून ठेवली. काकांच्या कपाळावर घाम आला होता. पडद्यावर दिसत होता तो फक्त एक जाडजूड काळा पट्टा, भिंतीतल्या विजेची घरघर आणि त्यात बाकीचं सगळं बुडालेलं. साफसफाई हवी होती. सेहेचाळीस पानं उघडायचं बाईंच्या जिवावर आलं. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी हवा होता. बाहेर दोन पेशंट ताटकळत होते. त्यांनी आपली जपून ठेवलेली फाइल उघडली, आकडे भरले आणि बटण दाबलं.

रेघ स्वच्छ झाली. इतकी स्वच्छ, की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीत काही म्हणजे काहीच नव्हतं.

बाईंनी बटण पुन्हा दाबून पाहिलं. तीच रेघ. मग त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. एकोणीस वर्षं आपण उगाच समजत होतो का, असं त्यांच्या मनात आलं. पण मशीन समोर होतं, आलेख समोर होता, आणि सरांनी 'छान' म्हटलेली फाइल होती. त्यांनी लिहिलं, 'स्नायूत ऐच्छिक हालचालीचा कोणताही सिग्नल आढळला नाही.' खाली सही केली. त्याखाली मोठ्या मॅडमनी केली.

काकांनी कागद वाचला, डाव्या हाताने नीट घडी केली आणि खिशात ठेवला. "चला," ते काकूंना म्हणाले, "एक गोष्ट तरी नक्की झाली."

पुढचे तीन आठवडे बाईंना तो कागद मधूनच आठवायचा आणि त्या दुसऱ्या कामाला लागायच्या. मग चौथ्या महिन्यातल्या एका गुरुवारी सिस्टरने वर्गात हात वर केला.

"सर, हृदयाच्या आलेखात आपण चाळीसच्या वरचं कापतो. चाळीसच का? तिथे वर असतं काय?"

"बहुतेक स्नायू," सर फळ्याकडे तोंड करूनच म्हणाले. "पेशंट थरथरला, हात आवळला, की छातीच्या, दंडाच्या स्नायूंची वीज आलेखात घुसते. ती झरझर हलते, त्यामुळे चाळीसच्या वर बरीच सापडते. हृदय बघताना स्नायू म्हणजे कचरा. म्हणून फेकतो. स्नायू बघायचा असेल तर अर्थात उलटं. मग तेच ठेवायचं."

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. त्यांनी वहीची पानं मागे उलटली. दुसऱ्या आठवड्याचं पान. तिथे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'चाळीसच्या वर = स्नायूंचा त्रास. काढून टाकणे.' खाली दोन रेघा मारल्या होत्या. त्यांनी स्वतः. लाल पेनाने.

"काय झालं?" सिस्टरने हळूच विचारलं.

"मी एका माणसाचा हात फेकून दिला," बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. तो ऐकत राहिला. त्याला बायकोला धीर द्यायचा होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि त्याला सापडलं ते असं:

"पण एक बघ. तुझं गणित बरोबर होतं. चाळीसच्या वरचं काप म्हटलंस, त्याने कापलं."

बाई उठल्या आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसल्या. भांडायचीही ताकद उरली नव्हती. दाराबाहेरून तो दोनदा म्हणाला, "अगं, माझ्या म्हणण्याचा अर्थ तसा नव्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्र उघडायच्या आधीच त्या जाऊन बसल्या. काकांच्या हाताचा कच्चा सिग्नल खुणांसकट कॉम्प्युटरवर तसाच होता, आणि या वेळी सेहेचाळीस पानं टेबलावर होती. सगळी कळली नाहीत, पण आकडे सापडले: वीसच्या खालचं काढा, साडेचारशेपर्यंतचं ठेवा, आणि विजेची घरघर जिथे असते ती पन्नासची बारीक फट तेवढी वेगळी कापा. पहिल्यांदा फाइलने चूक दाखवली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा रेघ आली आणि त्यांनी खुणा बघायला सुरुवात केली. पहिल्या 'उचला'पाशी रेघेवर बारीक काटे उभे राहिले होते, आणि 'सोडा'पाशी आडवे झाले होते. दुसऱ्याला तसंच. तिसऱ्याला काही नाही. चौथ्याला होतं. बारापैकी नऊ वेळा. अगदी बारीक, पण नऊ वेळा, आणि नेमके त्या "उचला" म्हणाल्या तेव्हाच.

आनंद व्हायला हवा होता. बाईंना फक्त स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

मोठ्या मॅडमनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले. "सुधारित रिपोर्ट लिहा. जुना फाडू नका, त्याच्यावर तारीख टाकून चूक काय झाली ते लिहा. सही माझीही आहे."

"आणि जागा?"

"जागा गेली. त्यांच्या वेळेला आता एक मुलगी येते, तिला मी काढू का? यादीत घालते. पाच आठवडे लागतील."

"मॅडम, पाच आठवडे नाही हो त्यांच्याकडे. सुरुवातीचे महिनेच कामाचे असतात, तुम्हाला माहीत आहे. तीन आठवडे मी आधीच खाल्लेत."

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "जेवणाच्या सुटीत तुम्ही काय करता ते मी कधी विचारलेलं नाही," त्या म्हणाल्या, "आणि ती खोली तेव्हा रिकामीच असते."

घड्याळवाल्या काकांचं दुकान एका गल्लीत, तीन पायऱ्या उतरून होतं. बाई दुपारी तिथे पोचल्या. काकू काउंटरवर बसून एका गिऱ्हाइकाला पट्टा बदलून देत होत्या. मागे भिंतीवर घड्याळं, आणि त्यांच्याखाली एका ताटात बिनदुरुस्तीची घड्याळं, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. लोकांना बोलावून ती परत दिली जात होती. काका कोपऱ्यात खुर्चीवर होते. उजवा हात मांडीवर, शर्टाची बाही बोटांपर्यंत ओढलेली.

बाईंनी वाटेत वाक्यं जुळवली होती. ती सगळी विसरली. "काका, माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "तुमचा स्नायू गेलेला नाही. सिग्नल होता. मीच तो पुसून टाकला आणि लिहिलं की नाहीये."

काकांनी मान वर केली. "म्हणजे मशीन खोटं बोललं?"

"नाही. मशीनने बरोबर दाखवलं होतं. मी चुकीची फाइल लावली. स्नायूचीच वीज कचरा म्हणून काढून टाकणारी."

"तीन आठवडे," काका म्हणाले. आवाज हळू होता. "तीन आठवडे मी या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. ही रोज मागे लागायची, करा हो, थोडा तरी व्यायाम करा. मी म्हणायचो, अगं, वायरी लावून बघितलंय, सही-शिक्क्यानिशी मेलाय तो. त्या आधी मला स्वतःला वाटायचं बरं का, की आत काहीतरी हलतंय. तुमच्यासमोर बोललो नाही. कागद आला आणि म्हटलं, म्हातारा भ्रमात होता."

"मलाही वाटत होतं, काका. माझ्या हाताला लागत होतं."

"मग तुम्ही लिहिलं का नाही तसं?"

बाईंनी पर्समधून सुधारित रिपोर्ट काढून काउंटरवर ठेवला.

"जा तुम्ही," काका म्हणाले. "आज असं सांगता, उद्या आणखी एक फाइल लावून येऊन सांगाल, की नाही, नव्हतंच काही. माझ्यात आता ती ताकद नाही. जा."

बाई तीन पायऱ्या चढून बाहेर आल्या आणि भर उन्हात केंद्राकडे चालू लागल्या. मागून काकू आल्या. "ते येणार नाहीत," त्या म्हणाल्या, "हट्टी आहेत. पण मला दाखवा काय करायचं ते. मी झोपेतसुद्धा करून घेईन त्यांच्याकडून."

काकू दोनदा केंद्रात आल्या आणि शिकून गेल्या. तिसऱ्या खेपेला, मंगळवारी दुपारी, त्यांच्यामागे काठीचा आवाज आला. काका आत आले, टेबलावर बसले, बाही वर केली. "नमस्कार-चमत्कार नको," ते म्हणाले. "मला ते काटे बघायचेत."

बाईंनी पट्ट्या लावल्या. "उचला." पडद्यावर काटे उभे राहिले. "सोडा." आडवे झाले. काकू पुढे झुकून बघत होत्या. काकांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"हे कशावरून माझे?" ते म्हणाले. "तुम्ही उचला म्हणता तेव्हा मी श्वास रोखतो, खांदा ताणतो, दात आवळतो. त्यातलं काय इथे दिसतंय, तुम्हाला तरी ठाऊक आहे का? घड्याळ चालतंय असं गिऱ्हाइकाला वाटलं म्हणून चालत नसतं."

बाईंचा संयम सुटत चालला होता. सकाळपासून सात पेशंट झाले होते, पोटात अन्न नव्हतं, आणि हा माणूस वर परीक्षा घेत होता. पण तो म्हणत होता ते खरं होतं, आणि तेच जास्त झोंबत होतं.

"मग तुम्हीच सांगा, काय केलं तर पटेल."

काकांनी विचार केला. "तुम्ही माझ्याकडे पाठ करा. फक्त पडदा बघा. मी मनाला येईल तेव्हा मनगट उचलायचा प्रयत्न करीन. खांदा हलवणार नाही, श्वास रोखणार नाही. प्रयत्न केला की डाव्या हाताने हिचा तळवा दाबीन. ती मोजेल. तुम्ही पडदा बघून सांगायचं, आत्ता. बघू."

बाईंनी खुर्ची फिरवली. रेघ आडवी पडली होती, किंचित थरथरत. त्यांनी श्वासही हलका केला.

काटे उठले. "आत्ता," त्या म्हणाल्या.

पुन्हा आडवी रेघ. मग काटे. "आत्ता." मग बराच वेळ काहीच नाही, काका मुद्दाम थांबले होते. मग एक बारीकसा, शंका यावी असा उठाव. "आत्ता," बाई म्हणाल्या, आणि लगेच वाटलं, घाई झाली. पुढे आणखी चार वेळा. तळहाताला घाम सुटला होता. कोर्सच्या कुठल्याच परीक्षेत इतका सुटला नव्हता.

"झालं," काका म्हणाले. "किती गं?"

"तुम्ही सात वेळा दाबलंत," काकू म्हणाल्या. "त्यातले सहा बाईंनी ओळखले. आणि एकदा तुम्ही काही केलेलं नसताना त्या आत्ता म्हणाल्या."

"म्हणजे एक सुटला आणि एक फुकटचा," काका म्हणाले. बाई वळल्या. काका पडद्याकडे बघत होते, आणि त्यांचा ओठ एका बाजूला, पक्षाघात झालेल्या नव्हे, दुसऱ्या बाजूला थरथरत होता. त्यांनी डाव्या हाताने नाक पुसलं. "असलं घड्याळ मी गिऱ्हाइकाच्या हातात दिलं नसतं. पण दुरुस्तीला घेतलं असतं. चला, लावा पुन्हा."

तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार, जेवणाच्या सुटीत, ते येऊ लागले. त्यांचं आणि बाईंचं जमलं असं काही कोणी म्हणालं नसतं. काका कटकट करायचे: पट्टी तिरकी लावली, पडदा लांब आहे, मागच्या शुक्रवारपेक्षा काटे बुटके आहेत. बाई उलटून बोलायच्या. एकदा काका चिडून म्हणाले, "तीन आठवडे आधी सुरू केलं असतं तर आज..." बाईंनी ते वाक्य मनातल्या मनात अनेकदा पूर्ण केलं. ते तीन आठवडे मिळाले असते तर काय झालं असतं, हे कुठल्याही फाइलमध्ये आकडे भरून निघत नव्हतं.

पाच आठवड्यांनी यादीत नंबर लागला, रीतसर वेळ मिळाली. दोन महिन्यांनी मनगट टेबलापासून दोन बोटं वर येऊ लागलं. आलं, की एक-दोन क्षण थांबायचं आणि धपकन पडायचं.

त्याच आठवड्यात कोर्सचा निकाल लागला. बाई गणिताच्या पेपरात चार गुणांनी नापास झाल्या. स्नायूंवरच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी होते, पण त्याने काही भागलं नाही. सिस्टर पास झाली आणि तिने बाईंना मिठी मारली, तेव्हा बाईंना तिचाही राग आला. मोठ्या मॅडम म्हणाल्या, फेरपरीक्षा द्यावीच लागेल, प्रमाणपत्राशिवाय तपासणीत अडचण येते. नवऱ्याने नवी वही आणून टेबलावर ठेवली आणि, त्याला खरंच खूप कष्ट पडले असावेत, काहीही न बोलता निघून गेला.

शुक्रवारी काका आले ते खिशात चिमटा घेऊन. "आज हा धरायचा," त्यांनी जाहीर केलं.

"आत्ता नाही, काका. अजून महिना तरी."

"तुमचं महिना-महिना ऐकलं असतं तर मी घरीच बसलो असतो."

त्यांनी मनगट वर आणलं, डाव्या हाताने चिमटा उजव्या बोटांत खोचला. तो एक क्षण राहिला आणि खणकन फरशीवर पडला. बाई उचलायला वाकल्या.

"राहू द्या! मी उचलतो." ते काठीवर भार देऊन खाली वाकले. उजवा हात चिमट्यापर्यंत पोचला, बोटं त्याच्यावर टेकली, पण मिटेनात. पुन्हा. पुन्हा. काकूंनी तोंड फिरवलं. बाई हात बांधून उभ्या राहिल्या, स्वतःला आवरत. शेवटी काकांनी एक सणसणीत शिवी हासडली, डाव्या हाताने चिमटा उचलला आणि खिशात टाकला.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. "दहा मिनिटं आहेत अजून."

"मग उभ्या काय राहिलात," काका म्हणाले आणि टेबलावर चढून बाही वर करू लागले. "लावा पट्ट्या. आणि आज नीट लावा."